रंजन, बोध आणि मांगा : ओसामू तेझुका यांच्या ‘बुद्ध’च्या निमित्ताने

‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद मराठी समीक्षेला नवा नाही. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी तो इतका निगडित झाला आहे की, पदवीच्या वर्गात तो आता परीक्षेतील एक हमखास प्रश्न म्हणूनच उरला आहे. मात्र चित्रकथेच्या संदर्भात हा वाद आपल्याकडे क्वचितच मांडला जातो. चित्रकथा ही मुलांची आणि मुलांच्या वाङ्मयाने बोध केलाच पाहिजे, असे आपण गृहीत धरलेले असते. जपानी चित्रकथेचा, म्हणजेच मांगाचा, विचार करताना हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक ठरते. मांगाने वाचकाचे केवळ रंजन करावे की त्याला काही शिकवावेही, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात ओसामू तेझुका (१९२८–१९८९) यांच्या ‘बुद्ध’ या मांगाच्या आधारे केला आहे. ही निवड सहेतुक आहे. काटोलपासून साठेक किलोमीटरवर असलेल्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यामुळे या परिसरातील वाचकाला बुद्धचरित्र ही दूरदेशीच्या चित्रकाराने रंगविलेली एक सुरस कथा म्हणून वाचता येत नाही.

मराठीतील जुन्या बालनियतकालिकांची नावेच या दृष्टीने बोलकी आहेत. अमेरिकन मिशनचे ‘बालबोधमेवा’ १८७३ मध्ये निघाले, वि. को. ओकांचे ‘बालबोध’ १८८१ मध्ये, तर वा. गो. आपट्यांचे ‘आनंद’ १९०६ मध्ये. पहिल्या नावात बोध आणि मेवा एकत्र नांदतात. तिसऱ्यात बोध शब्दरूपाने तरी गळून पडतो. चित्रकथेत मात्र तो परत आला. १९६७ पासून अनंत पै यांनी संपादित केलेल्या ‘अमर चित्र कथा’चा हेतू उघडपणे शैक्षणिक होता आणि तो बऱ्याच अंशी सफलही झाला. पुराण व इतिहासातील कितीतरी व्यक्तिरेखांचे चेहरे दोन पिढ्यांच्या मनात याच पुस्तिकांनी घडविले. तथापि त्यांतील पुष्कळ चौकटींत वरचा मजकूर वाचला की खालचे चित्र न पाहिले तरी चालते. शिकवण मजकुरात असते आणि चित्र तिला दुजोरा देते. ही केवळ मांडणीतील उणीव नाही. अशा ठिकाणी बोध आधीच ठरलेला असतो आणि वाचकाने तो फक्त स्वीकारायचा असतो.

तेझुकांचा ‘बुद्ध’ १९७२ ते १९८३ या काळात जपानमध्ये क्रमशः प्रसिद्ध झाला. त्याचा आठ खंडांतील इंग्रजी अनुवाद पुढे उपलब्ध झाला. ग्रंथाचा आरंभ सशाच्या जातककथेने होतो. थकून कोसळलेल्या वृद्धासाठी अस्वल मासे आणते, कोल्हा फळे आणतो. सशाला काहीच मिळत नाही आणि तो स्वतःच अग्नीत उडी घेतो. हा प्रसंग तेझुका जवळजवळ शब्दांविना रेखाटतात. तात्पर्य काढण्याचे काम वाचकावर सोपविलेले आहे. त्यानंतर पहिल्या खंडाचा फार मोठा भाग सिद्धार्थाचा नसून छप्र हा गुलाम मुलगा आणि तत्त हा जातिबाह्य चोर मुलगा यांचा आहे. छप्र आपले कुळ लपवून कोसलच्या सेनापतीचा मानलेला पुत्र होतो. कुळ उघड होताच त्याचा व त्याच्या आईचा अंत ओढवतो. ही दोन्ही पात्रे तेझुकांनी कल्पिलेली आहेत. त्यांच्याभोवती विनोद आहे, मारामाऱ्या आहेत, कालविपर्यासाच्या गमती आहेत. मध्येच स्वतः चित्रकारही डोकावून जातो. एवढे रंजन असूनही वर्णव्यवस्थेचे क्रौर्य या पानांइतके तीव्रतेने पुढे अनेक ठिकाणी जाणवत नाही. उलट उत्तरार्धात बुद्ध उपदेश करू लागतात तेव्हा संवादाचे फुगे वाढतात आणि रेषा सैल पडते. तेझुका शिकवायला बसतात तेथेच ते कमी शिकवतात, असे खेदाने म्हणावे लागते.

परंतु आक्षेप येथे संपत नाही. इंग्रजी अनुवादात तत्तला ‘परिया’ म्हटले आहे. दक्षिणेकडील एका जातिनामावरून आलेला हा शब्द कपिलवस्तूच्या परिसरात आणून बसविणे खटकते, पण ही बाब गौण होय. अधिक गंभीर प्रश्न गृहत्यागाच्या कारणाचा आहे. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या बुद्धविषयक ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी रोग, जरा व मृत्यू यांच्या दर्शनाने वैराग्य आले ही कथा नाकारली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उद्भवलेला संघर्ष आणि युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध हे कारण त्यांनी पुढे ठेवले. तेझुका मात्र सिद्धार्थाला मुख्यतः मृत्यूच्या भयाने व्याकूळ करतात. जातीचे दुःख त्यांनी सामर्थ्याने रंगविले, पण त्याचे उत्तर समाजात न शोधता सर्व प्राणिमात्रांच्या एकत्वात शोधले. छप्रला न्याय कोणी द्यायचा, हा प्रश्न तेथे विरून जातो. मांगाने काही शिकवावे काय, यापेक्षा तो नकळत काय शिकवून जातो, हे विचारणे म्हणूनच अगत्याचे आहे. निव्वळ रंजनाचा दावा करणाऱ्या मांगालाही या प्रश्नातून सूट मिळू नये.

बोधाची मागणी करणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीची नोंद घ्यावी. हिरोशिमातील अणुबाँब हल्ल्यातून वाचलेल्या केइजी नाकाझावा यांचा ‘हादाशी नो गेन’ हा मांगा १९७३ पासून मुलांच्याच एका लोकप्रिय साप्ताहिकात येऊ लागला. त्याच्या शैक्षणिक मूल्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. असे असूनही २०१२ मध्ये मात्सुए शहरातील शाळांच्या ग्रंथालयांत तो मुलांना सहज मिळणार नाही अशी व्यवस्था करण्यात आली. टीकेनंतर २०१३ मध्ये हा निर्बंध मागे घेतला गेला. २०२३ मध्ये तर खुद्द हिरोशिमाच्या शांतता-शिक्षणाच्या साहित्यातून तो वगळण्यात आला. बोध हवा असतो, पण तो सोयीचा हवा असतो.

आपल्याकडे चित्राकडूनच शिकविण्याचे काम करवून घेणारे उदाहरण म्हणून २०११ मधील ‘भीमायन’चा उल्लेख करावा लागेल. दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी त्यात चौकटींची शिस्तच मोडली आहे. सौम्य बोलणाऱ्यांचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात, तर अस्पृश्यता पाळणाऱ्यांच्या शब्दांना विंचवाची नांगी असते. तहानलेल्या भीमाला पाणी नाकारणाऱ्या माणसाचे वाक्य वाचण्यापूर्वीच त्याचा दंश वाचकाला होतो.

अशोक विजयादशमीला काटोल तालुक्यातूनही लोक दीक्षाभूमीवर जातात आणि परतताना पुस्तके घेऊन येतात. त्यांत बुद्ध व बाबासाहेबांच्या जीवनावरील लहान सचित्र पुस्तिका असतात. त्या मुलांच्या हाती पडतात, प्रथम चित्रांसाठी चाळल्या जातात आणि मजकूर पुष्कळदा नंतर वाचला जातो. या पुस्तिकांतील चित्रे कोण काढतो, कोणत्या नमुन्यावरून काढतो आणि त्यांतला सिद्धार्थ घर सोडताना कशाकडे पाहत असतो, याचा अभ्यास मराठी विभागांनी अद्याप हाती घ्यावयाचा आहे.