नंबराने जात जाते काय?

मोबाइलने जातीचा प्रश्न सुटतो, असे सांगणारी जाहिरात ‘आयडिया सेल्युलर’ने २००७-०८च्या सुमारास दाखवली. गावात जातींची भांडणे पेटतात. गावप्रमुख झालेला अभिषेक बच्चन फर्मान काढतो, की यापुढे माणूस नावाने नव्हे, मोबाइल नंबराने ओळखावा. म्हणजे नाव झाकले की जात गेली! बाबासाहेबांनी १९३६ सालीच तिचे मूळ धर्मशास्त्रांवरील श्रद्धेत दाखवले होते.

जाहिरातीचा हेतू मी नाकारत नाही. परंतु निघोज्यासारख्या कारखान्यांच्या गावातून माझा प्रश्न साधा आहे : कंपनीच्या हजेरीपटावर आमची माणसे किती, आणि कोणत्या पायरीवर? खाजगी क्षेत्राला नोकऱ्यांतले आरक्षण लागू नाही. २०१३च्या कंपनी कायद्यातील २ टक्के सामाजिक खर्च नफ्यावर ठरतो. ही कंपनी २०१८ साली व्होडाफोन इंडियाशी एक झाली आणि पुढे वर्षानुवर्षे तोट्यात राहिली, तेव्हा तेही बंधन उरले नाही. सेबीने २०२२-२३पासून आघाडीच्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना सक्तीचा केलेला अहवाल स्त्रिया व अपंग कर्मचाऱ्यांचे आकडे मागतो. कर्मचाऱ्यांच्या जातीचा रकाना त्यात नाही.

जिने नंबराने जात मिटवून दाखवली, त्या कंपनीने हा एक आकडा तरी आपणहून जाहीर करावा.