स्थिरविद्युत् ध्वनिक्षेपक आणि खर्जाचा प्रश्न

मुद्रित संगीताच्या श्रवणासाठी स्थिरविद्युत् ध्वनिक्षेपक घ्यावा किंवा कसे, ह्याची चर्चा बहुधा एकाच आक्षेपापाशी येऊन थांबते : ह्या ध्वनिक्षेपकास खर्ज नाही. आक्षेप निराधार नाही. परंतु ज्या संगीताच्या अनुरोधाने तो प्रथम घेतला गेला ते पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे व ऑर्गनचे संगीत होते. तोच निर्णय ख्यालाला, नाट्यगीताला आणि तबल्याला जसाच्या तसा लावणे ही आपली बौद्धिक परावलंबिता होय. महाबळेश्वरच्या एखाद्या घरात हे सर्व प्रकार आलटून पालटून ऐकले जात असतील, तर निवडीचा निकष कोणता असावा, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

नेहमीच्या ध्वनिक्षेपकात चुंबकाच्या क्षेत्रातील तारेचे वेटोळे एका शंकूस हलविते. स्थिरविद्युत् ध्वनिक्षेपकात शंकू नसतो. दोन सच्छिद्र पट्टांच्या मध्ये अतिशय पातळ पटल ताणलेले असते. त्यावर काही हजार व्होल्टांचा स्थिर दाब असतो आणि पट्टांना संगीताचा बदलता दाब दिला जातो. पटलाचा सर्व पृष्ठभाग एकाच वेळी ओढला जात असल्याने ध्वनीचा आरंभ आणि त्याचा लोप हे दोन्ही विलक्षण स्वच्छ उमटतात. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांनी १९५७ साली बाजारात आणलेला ‘क्वाड’ हा ह्या जातीचा पहिला यशस्वी पूर्णव्याप्तीचा नमुना. त्याच्या खर्जपटलांवर सुमारे ६,००० व्होल्टांचा दाब असे आणि त्याची झेप सेकंदास सुमारे ४५ कंपनांपर्यंत खाली जाई.

त्याखाली तो का जात नाही? पटल पुढे व मागे सारखाच, पण उलट्या कलेचा ध्वनी फेकते. ५० कंपनांच्या स्वराची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर. पटलाची चौकट मीटरभरही रुंद नाही. साहजिकच मागचा ध्वनी कडेने वळून पुढच्या ध्वनीस खोडून काढतो. शिवाय पट्टांमधील अंतर अगदी थोडे असल्याने पटलाला फार हेलकावताही येत नाही. तेव्हा उणीव आहे ती खर्जाच्या परिमाणात. जो खर्ज निघतो तो पेटीच्या घुमण्याने दूषित झालेला नसतो, म्हणून गुणाने तो बहुधा सरसच असतो.

आता आपला खर्ज कोठे आहे ते पाहू. गायकाचा षड्ज काळी एक मानला तर तो सुमारे १३९ कंपनांचा. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ वर. गायिकेचा षड्ज काळी चार असेल तर तिच्या तंबोऱ्याचा खर्ज १०४ वर येतो. दोन्ही स्वर क्वाडच्या मर्यादेच्या आत आहेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, तंबोऱ्याचा खर्ज केवळ मूळ स्वरात नसतो. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावून पुढे ज्या मिरजेच्या परिसरातून वाहते, तेथील कारागीर घोडी घासून आणि तारेखाली दोरा सरकवून जी जवारी साधतात, तिने उपस्वरांची एक मालिकाच जागी होते. तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वरांचा निश्चल बिंदू पडतो, तेही तंबोऱ्यात ऐकू येतात, हे रामन् यांनी १९२१ साली दाखवून दिले. कान ह्या उपस्वरांवरून मूळ स्वर ओळखतो. म्हणून जवारी जो ध्वनिक्षेपक निर्मळ देतो, त्यावर खर्जही भरदार वाटतो.

डग्ग्याचे तसे नाही. तळव्याच्या दाबाने काढलेल्या घिश्शात मूळ स्वरच सरकत असतो. तेथे उपस्वरांची उसनवारी चालत नाही. तरीही बैठकीतल्या डग्ग्याला स्थिरविद्युत् पटल पुरे पडते, आणि बोल एकमेकांत मिसळत नाहीत. ते अपुरे पडते ढोल-ताशांना, ऑर्गनला आणि आधुनिक चित्रपटसंगीताला. (अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० नंतरच्या दशकातील तबकड्यांपुरता हा वादच उद्भवत नाही, त्या मुद्रणांत फार खालचे स्वर मुळात उतरलेलेच नाहीत.)

ह्यावर रूढ तोड म्हणजे मिश्र ध्वनिक्षेपक : वर पटल, खाली शंकू. अशा रचनांत ध्वनीची विभागणी पुष्कळदा ३०० ते ५०० कंपनांच्या दरम्यान केलेली असते, आणि माझा आक्षेप नेमका तेथे आहे. तंबोऱ्याचा मूळ स्वर शंकूतून आणि त्याची जवारी पटलातून येऊ लागली की एका तारेचे दोन तुकडे होतात. एक भाग जड, दुसरा चपळ. वाद्यवृंदाच्या गर्दीत हे खपते. एकट्या तंबोऱ्यावर ते लपत नाही. त्यापेक्षा पूर्णव्याप्तीचे पटल ठेवून केवळ ६० कंपनांखालचा भाग स्वतंत्र खर्जयंत्राकडे सोपवावा. अशा वेळी खर्जाची तार अखंड पटलावरच राहते आणि ढोलाचीही सोय होते.

महाबळेश्वरी मात्र हवेचा विचार संगीताच्या आधी करावा लागेल. हे ठिकाण साडेतेराशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. समुद्रसपाटीच्या मानाने हवा आठव्या हिश्श्याने तरी विरळ असल्यामुळे ठिणगी पडण्यास कमी दाब पुरतो, आणि मोठ्या आवाजात पटल भाजण्याचा धोका वाढतो. वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्या दिवसांत विद्युत्‌रोधक भागांवर ओलाव्याचा थर बसून पटलावरचा भार झिरपून जातो. आवाज मंदावतो, चरचरतो. पावसाळ्यात कुलूप लागणाऱ्या बंगल्यात हा ध्वनिक्षेपक ठेवू नये. तेथे शंकूचाच बरा. घर बारमाही नांदते असेल, खोलीतील दमटपणा यंत्राने शोषून घेण्याची व्यवस्था असेल, तर मात्र पटलाला पर्याय नाही असे माझे मत आहे. ते जांभ्याच्या भिंतीस टेकवून ठेवू नये. मागे मीटर-दीड मीटर जागा मोकळी सोडावी. आणि खरेदीपूर्वी दुकानदार तोफांचे बार ऐकवू लागला, तर त्यास थांबवून पाच मिनिटे नुसता तंबोरा लावण्यास सांगावे.