पाठ टाचणातील ‘अपेक्षित उत्तर’

आपल्याकडे शिक्षणावर जे टीकालेखन होते ते बहुधा पाठ्यपुस्तकांविषयी असते. पुस्तकात कोणाचा धडा आहे, कोणाचा वगळला, कोणाला किती पाने मिळाली, यावर वाद झडतात आणि ते झडलेच पाहिजेत. परंतु पाठ्यपुस्तक मुलापर्यंत पोचते ते शिक्षकाच्या तोंडून, आणि शिक्षकाचे हे बोलणे घडवले जाते अध्यापक विद्यालयात. तेथे छात्राध्यापक रात्र रात्र जागून जो मजकूर लिहितात, त्याची चिकित्सा करावी असे आपल्या समीक्षेला फारसे वाटलेले नाही. हा मजकूर म्हणजे पाठ टाचण. मी ही पदविका घेतली आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली. पाठ टाचण हे शिक्षणातील साधे तांत्रिक काम नसून त्यात एक समाजदृष्टी दडलेली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

टाचणाचा साचा सर्वांना ठाऊक आहे. इयत्ता, घटक, उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, मग पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, फलकलेखन, मूल्यमापन आणि स्वाध्याय. प्रश्न लिहायचा आणि त्याच्यासमोर अपेक्षित उत्तरही लिहायचे. म्हणजे मूल वर्गात येण्यापूर्वीच त्याचे बोलणे लिहून तयार असते. नाटकाच्या संहितेत असावे तसे.

या साच्याचे मूळ योहान फ्रीड्रिख हर्बार्ट (१७७६-१८४१) या जर्मन तत्त्वज्ञाच्या विचारात आहे. नवे ज्ञान मनातल्या जुन्या ज्ञानाशी जोडले गेले तरच ते रुजते, हे त्याचे प्रतिपादन. त्याच्या अनुयायांनी त्यातून पाच पायऱ्या बांधल्या आणि आपल्याकडे हर्बार्टची पंचपदी म्हणून त्या पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या गेल्या. मूळ विचारात खोट नाही. उलट तो दलित मुलाच्या बाजूचा आहे. कारण त्याचा अर्थ असा होतो की, शिक्षकाने आधी मुलाला काय ठाऊक आहे ते जाणून घ्यावे. परंतु प्रत्यक्षात पूर्वज्ञानाचा रकाना मुलाला विचारून भरला जात नाही. तो आदल्या रात्री वसतिगृहातल्या खोलीत, जुनी वही समोर ठेवून भरला जातो. मग हे पूर्वज्ञान कोणाचे? ज्याच्या घरी दिवाणखाना, देवघर आणि उन्हाळ्याच्या सुटीत मामाचा गाव आहे अशा एका काल्पनिक मुलाचे. ज्या मुलाची सुटी ऊसतोडीच्या फडावर जाते, त्याचे पूर्वज्ञान या रकान्यात बसत नाही.

एक सराव पाठ मला आठवतो. वर्ग तिसरीचा, विषय ‘आपले मदतनीस’. सहअध्यायी म्हणून मी मागे बसून निरीक्षण लिहीत होतो. पाठ घेणाऱ्या ताईंनी विचारले, “आपले गाव कोण स्वच्छ ठेवते?” अपेक्षित उत्तर होते, “सफाई कामगार.” एक मुलगी उठून म्हणाली, “माझी आई.” वर्ग हसला. ताई गोंधळल्या, “बस. दुसरं कोण सांगेल?” म्हणाल्या. दुसऱ्याने अपेक्षित उत्तर दिले, त्याला “शाब्बास” मिळाले, ते फळ्यावर गेले. पाठनिरीक्षकांनी शेरा दिला : वर्गनियंत्रणाकडे लक्ष द्यावे.

येथे चूक त्या ताईंची नव्हती. त्यांना जे शिकवले होते तेच त्यांनी केले. मुलीचे उत्तर बरोबर होते, नव्हे, टाचणातल्या उत्तरापेक्षा अधिक खरे होते. तिने एका अमूर्त शब्दाला माणूस दिला होता. ‘मदतनीस’ या गोड शब्दाआड कोणत्या जातीचे श्रम झाकले जातात, हा प्रश्न तिच्या दोन शब्दांत होता, आणि वर्ग का हसला याचे उत्तरही त्यातच होते. पाठ तेथून खऱ्या अर्थाने सुरू व्हायचा, तर तेथेच तो बंद पडला. प्रशिक्षणाने दिलेल्या पद्धतीत या उत्तराचे काय करावे याची एकही ओळ नव्हती. होते ते फक्त वर्गनियंत्रण.

सूक्ष्म अध्यापनाची तऱ्हाही हीच. १९६० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेली ही पद्धती आपल्याकडे आली. प्रश्नकौशल्य, प्रबलन, फलकलेखन अशी एकेक कौशल्ये पाच-सहा मिनिटांच्या पाठात घोटायची. बहुतेक वेळा विद्यार्थी म्हणून समोर बसतात ते सहअध्यायीच. पंचवीस वर्षांचा माणूस तिसरीतले मूल होऊन अपेक्षित उत्तर देतो. कौशल्य सुधारते यात शंका नाही. पण ज्याच्यासाठी हे कौशल्य, ते मूलच त्या खोलीत नसते.

कोणी म्हणेल, हे जुने झाले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञानरचनावाद आला. मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते हे मान्य झाले, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने भयमुक्त शिक्षण व शक्यतो मातृभाषेचे माध्यम ही तत्त्वे स्वीकारली. हा बदल मी कमी लेखत नाही. मूल फरशीवर बसून मणी, काड्या, चिंचोके हाताळू लागले ही चांगलीच गोष्ट. परंतु मी पाहिलेल्या वर्गांत अनुभव म्हणजे मणी आणि काड्याच राहिल्या. आईचे झाडू, बापाचे वेठीचे काम, पाणवठ्यावरचे अंतर, वस्तीचे नाव, हे अनुभवात धरले गेले नाही. मातृभाषेचेही तसेच. “पानी” म्हणणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी “पाणी” म्हणायला लावले जाते, आणि त्याची बोली हीच त्याची मातृभाषा आहे हे कोणी ध्यानात घेत नाही.

या प्रश्नाची जाण आपल्या परंपरेत फार आधीची आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी मागणी केली होती की, प्राथमिक शिक्षक शक्यतो कष्टकरी वर्गांतून तयार करावेत, वेळ पडल्यास नांगराची मूठ धरण्याची ज्यांना लाज वाटणार नाही असे ते असावेत, आणि त्यांच्या प्रशिक्षणात शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे. शिक्षक-प्रशिक्षणाचा याहून मूलगामी विचार नंतरच्या किती समित्यांनी केला? फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते. तो निबंध कोणत्या टाचणातले अपेक्षित उत्तर होता? स्वतःचे जगणे हेही ज्ञान आहे, हे तिथे तिला नाकारले गेले नाही, म्हणून ती लिहू शकली.

राखीव जागांमुळे दलित शिक्षक वर्गात आले, हे मोठे परिवर्तन आहे. पण तेवढ्याने पद्धती बदलत नाही. दलित छात्राध्यापकालाही पहिला सराव हाच करावा लागतो की, स्वतःचे पूर्वज्ञान विसरून त्या काल्पनिक मुलाचे पूर्वज्ञान लिहायचे. माधव कोंडविलकरांचे ‘मुक्काम पोस्ट : देवाचे गोठणे’ (१९७९) ही चर्मकार समाजातल्या एका प्राथमिक शिक्षकाची रोजनिशी आहे. साहित्य म्हणून आपण तिची चर्चा केली. शिक्षणशास्त्राचे पुस्तक म्हणून ती अध्यापक विद्यालयात का वाचली जाऊ नये?

माझ्या मागण्या साध्या आहेत. टाचणात अपेक्षित उत्तराशेजारी आणखी एक रकाना असावा, मुलाने प्रत्यक्ष दिलेल्या उत्तराचा, आणि तो पाठ झाल्यावर भरावा. त्या उत्तराचे शिक्षकाने काय केले याला गुण असावेत. पूर्वज्ञान लिहिण्याआधी छात्राध्यापकाने त्या मुलांच्या वस्तीत जाऊन त्यांच्या आईबापांशी बोलावे आणि कोणत्या वस्तीत गेलो हे वहीत नोंदवावे. दलित आत्मकथने पदविकेच्या अभ्यासक्रमात असावीत. यासाठी पैसा लागत नाही. लागते ती फक्त ‘माझी आई’ हे उत्तर फळ्यावर लिहिण्याची तयारी.