मनाचा कौल आणि त्याची पारख
न्यूमन यांच्या 'ग्रॅमर ऑफ असेंट' या ग्रंथाविषयी काही विचार

धर्मशिक्षणाच्या वर्गात एक प्रसंग वारंवार घडतो. एखाद्या दाखल्याचा अर्थ विचारला असता एक विद्यार्थी तो नेमका सांगतो, परंतु "कशावरून?" असे पुसताच गप्प राहतो, फार तर "मला तसे वाटले" एवढेच उत्तर देतो. दुसरा विद्यार्थी टीकाग्रंथांतील चार मते क्रमवार मांडतो, आणि त्यांपैकी त्याचे स्वतःचे मत कोणते हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. आम्ही अधिक गुण देतो ते बहुधा दुसऱ्याला. हे न्यायाचे आहे काय, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ वर्षे छळीत आला आहे. त्याचा विचार करताना आम्ही पुनःपुन्हा ज्या ग्रंथाकडे वळलो तो जॉन हेन्री न्यूमन यांचा १८७० साली प्रसिद्ध झालेला 'ग्रॅमर ऑफ असेंट' हा होय. न्यूमन यांना २०१९ मध्ये रोमन कॅथलिक मंडळीने संतपद दिले. परंतु येथे आम्हांस कर्तव्य आहे ते संताशी नव्हे, तर मनुष्य एखादी गोष्ट जाणतो म्हणजे नेमके काय करतो याचा बारकाईने शोध घेणाऱ्या विचारवंताशी.

ग्रंथ वाचावयास सोपा नाही. पहिली काही प्रकरणे शब्दांच्या व्याख्यांत इतकी गुंतलेली आहेत की पुष्कळ वाचक तेथूनच परत फिरतात, आणि त्यांना दोष देणे आमच्याच्याने होत नाही. पण लेखकाची कळकळ एकदा ध्यानात आली म्हणजे व्याख्यांचा तो रुक्ष भागही सुसह्य होतो. ती कळकळ निरक्षर श्रद्धावंताविषयीची आहे. मनुष्याने कोणतेही विधान त्याच्या पुराव्याच्या प्रमाणातच मान्य करावे, कणभरही अधिक नाही, असा नियम सतराव्या शतकात लॉकने घालून दिला होता. हा नियम खरा मानला तर ज्या आजीबाईने एकही प्रमाणग्रंथ वाचलेला नाही तिला देवावर निःशंक विश्वास ठेवण्याचा अधिकारच उरत नाही. न्यूमन यांचे म्हणणे असे की, हा नियम लॉकसकट कोणीच पाळीत नाही. ग्रेट ब्रिटन हे बेट आहे याविषयी इंग्रज मनुष्याला तिळमात्र संशय नसतो. त्याने किनाऱ्याला वळसा घातलेला नसतो, आणि पुरावा मांडण्यास सांगितल्यास त्याची फजितीच होईल. तरीही त्याची खात्री वेडगळ ठरत नाही.

मग ही खात्री येते कोठून? न्यूमन तिचे मूळ एका विशिष्ट शक्तीत शोधतात. तिला त्यांनी 'इलेटिव्ह सेन्स' असे नाव दिले आहे. आपण तिला निष्कर्षबुद्धी म्हणू. एकेक पुरावा वेगळा घेतला तर दुबळा असतो. पण अनेक पुरावे एकाच दिशेने झुकू लागले म्हणजे मन त्या सर्वांचा एकत्र अंदाज घेते आणि निर्णयाला पोहोचते. वर्तुळात काढलेल्या बहुभुजाकृतीच्या बाजू वाढवीत गेले की ती वर्तुळाच्या जवळजवळ जाते, तरी वर्तुळ होत नाही. उरलेले अंतर मन ओलांडते. आभाळाकडे पाहून उद्याचे हवामान सांगणारा शेतकरी, आणि सिद्धतेवाचून गणितातील सत्य ओळखणारा न्यूटन, ही दोन्ही उदाहरणे न्यूमन देतात. समीकरणांच्या काल्पनिक मुळांसंबंधी न्यूटनने १७०७ साली प्रसिद्ध केलेल्या नियमाची सिद्धता सिल्व्हेस्टर यांनी १८६५ च्या सुमारास दिली. मधली दीडशेहून अधिक वर्षे तो नियम खराच होता, केवळ त्याला वकील मिळालेला नव्हता.

ग्रंथातील आणखी एक भेद शिक्षकाच्या दृष्टीने मोलाचा आहे: शब्दांपुरती दिलेली संमती आणि वस्तू जणू समोर उभी राहिली असता दिलेली संमती. शाळेत पाठ केलेल्या होमर-होरेसच्या ओळी मुलाला गोड, पण पोकळ वाटतात. पुढे संसाराचे चटके बसले म्हणजे त्याच ओळी त्याच्या काळजाला भिडतात, असे न्यूमन सांगतात. आपल्याकडे ज्याने लहानपणी तुकोबांचे अभंग किंवा टिळकांची भजने घोकली आहेत त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. ओळ तीच, शब्दार्थही तोच, आणि तरीही वीस वर्षांनी ती प्रथमच 'कळते'. या कळण्यात नवी माहिती कोणती मिळाली, असे कोणी विचारील तर कोणतीच नाही.

येथे आम्हांस आपल्याच परंपरेतील एका व्याकरणकाराची आठवण होते. सुमारे पाचव्या शतकातील भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त असे म्हटले आहे की, रत्ने आणि नाणी पारखणाऱ्यांना जे ज्ञान असते ते त्यांना दुसऱ्याला सांगता येत नाही. ते अभ्यासानेच होते, अनुमानाने नव्हे. वाक्याचा अर्थही तो प्रतिभेचाच विषय मानतो: सुटे शब्द कानी पडतात, आणि अर्थ मात्र एकदम, अखंड उजळतो. न्यूमन यांना भर्तृहरी ठाऊक असण्याचा संभव आम्हांस दिसत नाही. तेराशे-चौदाशे वर्षांच्या अंतराने दोघेही एकाच ठिकाणी येऊन उभे राहतात, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. परंतु भर्तृहरीने 'अभ्यास' हा जो एक शब्द घातला आहे तो न्यूमन यांच्या विवेचनात असावा तितका ठळक नाही, आणि आमच्या मते ग्रंथाची उणीव तेथूनच सुरू होते.

'अंतःप्रज्ञा' हा शब्द उच्चारताच आपल्या मनात वीज चमकल्याचे चित्र उभे राहते. हे चित्र फसवे आहे. हॉलंडमधील मानसशास्त्रज्ञ द ग्रूट यांनी १९४६ साली बुद्धिबळपटूंच्या विचारपद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि १९७३ मध्ये अमेरिकेत चेस व सायमन यांनी तो पुढे नेला. खऱ्या डावातील मांडणी पाचेक सेकंद दाखविली तर निष्णात खेळाडू तिच्यातील बहुतेक सोंगट्या पुन्हा जागच्या जागी मांडतो, नवख्याला थोड्याच जमतात. परंतु सोंगट्या वाटेल तशा विस्कटून मांडल्या की निष्णात आणि नवखा जवळपास सारखेच ठरतात. म्हणजे निष्णाताला काही दिव्य दृष्टी नव्हती. हजारो डावांचे साचे त्याच्या डोळ्यांत मुरलेले होते. रत्नपारख्याचे ज्ञान अनुमान नव्हे हे खरे, पण ते आकाशातून पडलेलेही नव्हे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'तील जातिभेद सुटल्याची हकीकत या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. पतीने १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर ही बाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिली. एकत्र आल्यावरही तिचे सोवळे सुटले नव्हते. आणि मग एके दिवशी जातीचा विचार तिच्या मनातून गळूनच पडला. कारणे विचारली तर ती दोन-चार वाक्यांत संपतील. तेवढ्या कारणांनी पिढ्यान्‌पिढ्यांचे सोवळे सुटत असते तर ते केव्हाच सुटले असते. तिची संमती न्यूमन यांच्या अर्थाने खरी, वस्तू पाहून दिलेली होती. पण तिच्यामागे वर्षांची ताटातूट होती, निरनिराळ्या माणसांच्या घरी घडलेला वास होता, आणि स्वतःच्या कर्मठपणाकडे हसून पाहणारी तिची विलक्षण नजर होती. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. पतीच्या वादविवादाने हे झाले असते तर पाच वर्षे लागती ना.

आता आक्षेपाकडे वळू. न्यूमन यांच्या शेतकऱ्याचा अंदाज चुकला तर दुसऱ्याच दिवशी पाऊस त्याला भिजवितो. बुद्धिबळपटूची चूक प्रतिपक्षी दाखवून देतो. १९८० नंतरच्या काळात अग्निशामक दलाच्या नायकांच्या निर्णयांचा अभ्यास करणारे क्लाइन, आणि मनाच्या कौलाविषयी जन्मभर साशंक राहिलेले कानमन, या दोघांनी २००९ साली मिळून एक लेख लिहिला. परस्परविरोधी मतांच्या या दोन विद्वानांचे एका गोष्टीवर एकमत झाले: मनाचा कौल विश्वसनीय ठरावयाचा असेल तर ज्या क्षेत्रात तो दिला जातो तेथे पुरेशी नियमितता हवी, आणि आपले बरोबर-चूक कळण्याची संधी माणसाला वेळोवेळी मिळाली पाहिजे. शिवाय कौल देणाऱ्याला वाटणारी खात्री ही त्याच्या खरेपणाची खूण नव्हे. चुकीचा कौलही मनाला तितकाच ठाम भासतो.

हा आक्षेप न्यूमन यांच्या मर्मावर लागतो. श्रद्धेच्या क्षेत्रात पाऊस पडून कोणाची चूक दाखवीत नाही. म्हणून शेतकऱ्याचा दाखला जेथे सर्वांत अधिक उपयोगी पडावयास हवा तेथेच तो लंगडा पडतो. खरी खात्री सहसा ढळत नाही, असे न्यूमन यांचे एक सूत्र आहे. पण ढळली ती खरी नव्हतीच असे मागाहून म्हणावयाचे असेल तर त्या सूत्राचा उपयोग काय? आम्ही हा भाग अनेकदा वाचला, आणि प्रत्येक वेळी लेखक येथे पावले जपून टाकण्याऐवजी भरभर चालतो आहे असेच आम्हांस वाटले.

याच ग्रंथात मात्र आणखी एक सूचना आहे, आणि तिचा न्यूमन यांनी स्वतः पुरता उपयोग केला नाही. निष्कर्षबुद्धी ही एकच सर्वगामी शक्ती नसून ती विषयागणिक वेगळी असते, ॲरिस्टॉटलच्या व्यवहारज्ञानासारखी, असे ते बजावतात. एका क्षेत्रात मुरलेले मन दुसऱ्या क्षेत्रात कौल देऊ लागले की घोटाळा होतो. लूकच्या शुभवर्तमानातील सतराव्या अध्यायाची एकविसावी ओवी घ्या. देवाचे राज्य कोठे आहे हे येशू परूश्यांना सांगतो. संतवाङ्मयावर वाढलेल्या मराठी विद्यार्थ्याला ते राज्य 'अंतःकरणात' आहे हा अर्थ तत्काळ भिडतो, आणि ग्रीक शब्दाचा 'आत' असा अर्थ होतोही. पण त्याच शब्दाचा 'मध्ये, दरम्यान' असाही अर्थ घेतात. उत्तर परूश्यांना दिलेले आहे, आणि मुळात सर्वनाम अनेकवचनी आहे. आधुनिक भाष्यकारांपैकी पुष्कळांचा कल या दुसऱ्या अर्थाकडे आहे. विद्यार्थ्याचा कौल खोटा नव्हता. तो तुकोबांच्या गाथेत तयार झालेला होता, लूकच्या नव्हे. भर्तृहरीचाच एक दृष्टांत येथे उलटून लावता येईल. हाताने वाटेचा थोडासा भाग चाचपून पुढचीही तशीच असेल असे समजून खडबडीत वाटेवर धावणारा आंधळा पडल्यावाचून राहत नाही, असे तो तर्कावर विसंबणाऱ्याला उद्देशून सांगतो. अंतःप्रज्ञेवर विसंबणाऱ्यालाही ते तितकेच लागू आहे.

तेव्हा प्रारंभीच्या त्या दोन विद्यार्थ्यांचे काय? पहिल्याला गप्प बसविणे ही आमची चूक होती हे आम्ही कबूल करतो. "कशावरून?" हा प्रश्न आम्ही सरकारी वकिलाच्या सुरात विचारीत असू. तोच प्रश्न "कोठे कोठे असे दिसले?" असा विचारला तर पुष्कळ वेळा विद्यार्थी बोलू लागतो: ओवीतील एखादे क्रियापद, मागच्या अध्यायातील एखादा प्रसंग, गावाकडे पाहिलेला शेताच्या वाटणीचा तंटा. कधी बोलता बोलता त्याचा त्यालाच आपला कौल चुकल्याचे कळून येते. मंडळी, शास्त्राचा मूळ पाठ, आणि वर्षानुवर्षांच्या आचरणाची फळे ही श्रद्धेच्या क्षेत्रातील पावसाची जागा काही अंशी घेऊ शकतात; काही अंशीच, कारण मंडळीही एकमुखाने चुकू शकते याला इतिहास साक्षी आहे.

न्यूमन यांना या अडचणीची जाणीव नव्हती असे समजणे अन्यायाचे होईल. त्यांचा जिवलग मित्र विल्यम फ्रूड हा जहाजांच्या गतीचा अभ्यास करणारा थोर अभियंता होता. कोणताही निष्कर्ष पूर्ण खात्रीला पात्र नसतो, आणि संशय जागा ठेवणे हेच प्रामाणिक मनाचे कर्तव्य होय, असे तो न्यूमन यांना वर्षानुवर्षे लिहीत राहिला. 'ग्रॅमर ऑफ असेंट' हे बऱ्याच अंशी त्यालाच दिलेले उत्तर आहे, आणि त्याने त्याचे समाधान झाले नाही. १८७९ च्या वसंतात कार्डिनलपद स्वीकारण्यासाठी न्यूमन रोमला गेले असता त्यांनी फ्रूडला पुन्हा एक दीर्घ पत्र लिहावयास घेतले. फ्रूड त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत सायमन्सटाउन येथे होता. मे महिन्याच्या प्रारंभी तो तेथेच वारला, आणि ते पत्र धाडावयाचे राहून गेले.