लग्नाच्या फिल्ममध्ये ‘होय’ का ऐकू येत नाही?

एक छोटा प्रयोग करून बघा. कुणाच्याही लग्नाची तीन-चार मिनिटांची फिल्म घ्या, जिला हल्ली सगळे ‘हायलाइट’ किंवा ‘सिनेमॅटिक’ म्हणतात. हेडफोन लावा आणि डोळे मिटून फक्त ऐका. एक गाणं ऐकू येईल. मध्ये नवरीचं हसणं, मित्रांचा आरडाओरडा, मग परत गाणं. लग्न नेमकं कधी लागलं, हे कानांना कळतच नाही.

माझी पीएचडी लग्नाच्या चित्रीकरणावर आहे असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे लग्नांना जाऊन जेवायचं?" जेवते की! पण त्याहून कितीतरी जास्त वेळ लोकांच्या फिल्मा मिनिटामिनिटाला थांबवून नोंदी करण्यात जातो. आधीच्या लेखांमध्ये मी पद्धत, मुलाखती वगैरे समजावून सांगितलं होतं. आज जरा वेगळं. आज मला या फिल्मांची समीक्षा करायची आहे, आणि मुद्दा एकच आहे: लग्न ही मुळात बोलण्या-ऐकण्याची गोष्ट असताना तिचा सिनेमा मुका का झाला?

‘बोलण्याची गोष्ट’ हे मी उगाच म्हणत नाही. जे. एल. ऑस्टिन नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्डमध्ये काही व्याख्यानं दिली. त्याच्या मृत्यूनंतर, १९६२ मध्ये, त्यांचं पुस्तक निघालं. त्याचं म्हणणं असं की काही वाक्यं कशाचं वर्णन करत नाहीत, ती काम करतात. "मी पैज लावतो" म्हटलं की पैज लागते. जहाजाचं नाव ठेवणं, मृत्युपत्र करणं, ही त्याची उदाहरणं. पण यादीत पहिलं उदाहरण आहे लग्नाचं. तिथे एक गंमत आहे. इंग्लंडच्या चर्चमध्ये जे शब्द खरोखर उच्चारतात ते ऑस्टिनने चुकीचे दिले होते, आणि संपादकाला तळटीप टाकून तसं सांगावं लागलं. लग्नाचे शब्द सगळ्यांना माहीत असतात असं आपल्याला वाटतं, पण ते कुणी नीट ऐकलेले नसतात. तत्त्वज्ञानेसुद्धा नाही.

कॅथलिक लग्नात तर हे अगदी स्पष्ट आहे. चर्चच्या कायद्यानुसार लग्न घडतं ते दोघांच्या संमतीने, आणि ती संमती त्यांच्या वतीने दुसरं कुणीच देऊ शकत नाही. फादर लग्न ‘लावतात’ असं आपण म्हणतो खरं, पण ते चर्चच्या वतीने संमती विचारतात आणि स्वीकारतात. आणखी दोन साक्षीदार लागतात. वसईतल्या एखाद्या मराठी मिस्सेतलं लग्न आठवा: बँड बाहेर थांबलाय, पंखे गरगरतायत, करवल्या साडी सावरतायत, आणि फादर माइक आधी नवऱ्यासमोर, मग नवरीसमोर धरतात. सुखात आणि दुःखात एकनिष्ठ राहण्याचं वचन दोघं आपल्या भाषेत देतात. अर्धं मिनिट, फार तर एक. लग्न तेवढ्यातच होतं. अंगठ्या त्यानंतर येतात.

आता फिल्म बघा. अंगठीचे किमान चार शॉट असतात. बोट, अंगठी, पुन्हा बोट, मग मागच्या मेणबत्त्या धूसर करून पुन्हा अंगठी. वचनाच्या वेळी मात्र ओठ हलताना दिसतात आणि वर पियानो वाजत असतो.

यावर व्हिडिओवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं: चर्चमध्ये आवाज घुमतो, नीट मिळत नाही. घुमतो, हे खरं आहे. पण चर्चला स्वतःची साउंड सिस्टिम असते, मिक्सरमधून वायर घेता येते. नवऱ्याच्या कोटाच्या खिशात बोटाएवढा रेकॉर्डर ठेवता येतो, आणि बरेच जण ठेवतातही. म्हणजे आवाज त्यांच्याकडे असतो. तो एडिटच्या टेबलावर काढला जातो, आणि माझं भांडण त्या टेबलाशी आहे.

चर्चने कॅमेऱ्याकडे कायम जरा संशयानेच बघितलंय. व्हॅटिकनच्या १९६७ च्या एका सूचनापत्रात फोटोग्राफीसाठी वेगळा परिच्छेदच आहे: उपासनेत, विशेषतः मिस्सेत, फोटो काढण्याने व्यत्यय येता कामा नये, काढायचेच असतील तर अतिशय संयमाने, स्थानिक बिशपांच्या नियमांप्रमाणे. म्हणून तर वेदीवर चढायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही, प्रवचनात फिरायचं नाही, असं फादर आधीच बजावतात. फोटोग्राफर यावर कुरकुरतात. मला मात्र उलट वाटतं. चर्चमधलं कच्चं फुटेज मांडवातल्या फुटेजपेक्षा सरसकट चांगलं असतं, कारण तिथे कॅमेऱ्याला जागेवर उभं राहावं लागतं. एक ट्रायपॉड बाजूच्या खांबाजवळ, एक वर गायनवृंदाच्या माडीवर. लोक काय करतात ते बघायचं आणि वाट पाहायची. डॉक्युमेंटरीवाले हे शिकायला वर्षं घालवतात.

पण कॅमेऱ्याने विधीत शिरकाव केलाच. बापाचा हात धरून नवरीने संथ चालत येणं आणि शेवटी चुंबन, या दोन गोष्टींशिवाय चर्चमधल्या लग्नाची फिल्म पूर्ण होत नाही. बापाने मुलगी सोपवणं अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात आहे, रोमन कॅथलिक विधीत नाही. आणि फादरांनी "आता नवरीचं चुंबन घ्या" म्हणणं रोमन विधीत नाहीच. ते आलं सिनेमातून. म्हणजे विधीत असलेलं वचन फिल्ममधून गेलं आणि विधीत नसलेलं चुंबन फिल्ममुळे आलं. याला मी तरी निव्वळ ‘स्टाइल’ म्हणणार नाही.

मांडवात तर कॅमेऱ्याला अडवणारं कुणीच नसतं. आंतरपाट दूर होताना समोर बसलेल्या पाहुण्यांना दिसतात तीन फोटोग्राफरांच्या पाठी, आणि लग्न बघायचं बाजूच्या एलईडी स्क्रीनवर. मंगलाष्टकं कुणाच्या तरी मावशीने महिनाभर बसून रचलेली असतात, दोघांची नावं, आडनावं, गावं गुंफून. ती म्हणतानाचा तिचा थरथरता आवाज, शेवटच्या ‘सावधान’ला एकदम उसळणारा वाजंत्रीचा दणका, अक्षता टाकताना मागून येणारं "अरे, लांबून टाकू नका रे, डोळ्यात जातायत". यातलं काही फिल्ममध्ये नसतं. अक्षता मात्र असतात, स्लो मोशनमध्ये, हिमवर्षावासारख्या.

सप्तपदीचं तर सगळ्यात वाईट होतं. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ७ सांगतं की जिथे विधीत सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात हे पुन्हा ठासून सांगितलं: आवश्यक विधीच झाले नसतील, तर नुसत्या नोंदणी-प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. विवाह म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे, असंही न्यायालयाने सुनावलं. म्हणजे ही पावलं मोजायची असतात. गुरुजी मोजतात, मोठ्याने. फिल्ममध्ये तांदळाच्या राशीवर एक पाऊल पडतं, पैंजण चमकतं, मग दुसरं पाऊल, आणि कट टू संध्याकाळचा गाऊन. मी बघितलेल्या बहुतेक फिल्मांमध्ये सप्तपदी अडीच पावलांत उरकते! (निकाहात ‘कबूल है’ हा शब्दच सगळं काही आहे, पण नवरीला बऱ्याचदा वेगळ्या खोलीत विचारतात, त्यामुळे तिथली अडचण निराळी. त्यावर नंतर सविस्तर.)

लग्नाचा आवाज बाहेर जाऊ द्यावा का, या प्रश्नावर शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये चक्क वाद झाला होता. एप्रिल १९२३ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत ड्यूक ऑफ यॉर्कचं, म्हणजे पुढच्या सहाव्या जॉर्ज राजाचं, लग्न होतं. नुकत्याच निघालेल्या बीबीसीला ते रेडिओवर ऐकवायचं होतं. ॲबीने नकार दिला. भीती ही, की लोक दारूच्या गुत्त्यात, डोक्यावरची टोपीही न काढता ते ऐकतील. हे वाचून हसू येतं, पण त्या धर्मगुरूंना एक गोष्ट पक्की कळली होती. वचन ऐकणारा माणूस त्या लग्नात सामील होतो. म्हणून तर त्याने टोपी काढायला हवी होती.

पुढे १९८१ मध्ये सेंट पॉल्स कॅथेड्रलमधलं चार्ल्स-डायनाचं लग्न टीव्हीवर सुमारे ७५ कोटी लोकांनी पाहिलं असा अंदाज सांगतात. त्या लग्नातलं लोकांना काय आठवतं? पंचवीस फूट लांब झालर, हे आहेच. पण दुसरी आठवण कानांची आहे. वचन देताना डायनाने नवऱ्याच्या नावांचा क्रम उलटा केला, ‘चार्ल्स फिलिप’ऐवजी ‘फिलिप चार्ल्स’. चार्ल्सही आपल्या वाक्यात अडखळला. वीस वर्षांची मुलगी, जगभरचे कॅमेरे, आणि नाव चुकतं. त्या सगळ्या सोहळ्यात दोन माणसं खरोखर तिथे उभी आहेत हे त्या चुकीवरून कळतं. प्रक्षेपण थेट होतं म्हणून ती वाचली. आजच्या हायलाइटमध्ये पहिल्याच फेरीत उडाली असती.

मग हे मुकेपण आलं कुठून? एक कारण सरळ आहे: या फिल्मा फोनवर, लोकलमध्ये, बऱ्याचदा आवाज बंद ठेवूनच बघितल्या जातात. दुसरं कारण गाणं. गाण्याच्या ठेक्यावर शॉट कापले की एडिटिंग झटपट होतं आणि रडू हमखास येतं. यात कायद्याचीही एक गंमत आहे. लग्नात आणि वरातीत गाणी वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. पण तेच गाणं फिल्मवर चढवून इंटरनेटवर टाकलं की ती सूट कामाला येत नाही. मग यूट्यूबची यंत्रणा गाणं ओळखते आणि कधीकधी आवाजच बंद करून टाकते. गाण्याखाली थोडंफार उरलेलं वचनही त्याच्याबरोबर जातं.

तिसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हायलाइटमध्ये नवरा-नवरी नायक-नायिका असतात आणि बाकीचे सगळे एक्स्ट्रा. त्या दोघांना एकमेकांखेरीज कुणाला काही सांगायचंच नसतं, मग वचन ऐकवणार कुणाला? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यूने १९६५ मधल्या फोटोग्राफीवरच्या पुस्तकात फ्रान्सच्या ग्रामीण बेआर्न भागातल्या लग्नाच्या फोटोंबद्दल लिहिलंय. तिथे फोटो असायचा तो सगळ्या गोतावळ्याचा. तो विकत घेणं पाहुण्यांना जवळपास बंधनकारक होतं, कारण त्यात त्यांचं तिथे असणं नोंदलेलं असायचं. आपल्या व्हीएचएस कॅसेटींचं तेच होतं. तीन तासांची कॅसेट, हॅलोजनचा दिवा घेतलेला पोरगा, डोळे दिपून जेवता जेवता मान खाली घालणारी पंगत, अहेराच्या रांगेतला प्रत्येक चेहरा. बदामाच्या आकारात नवरा-नवरीला बसवून स्वित्झर्लंडला पाठवणारे इफेक्ट भयाण होते, त्यांची मला अजिबात आठवण येत नाही. पण त्यात साक्षीदार होते, आणि त्यांचे आवाजही.

"लांबलचक फिल्म कोण बघतंय?" असं मला एका एडिटरने विचारलं. पहिल्या वर्षी कुणीच बघत नाही, हे त्याचं बरोबर आहे. मुलाखतींमध्ये मात्र दिसतं की जुन्या कॅसेटी घरात बाहेर निघतात त्या बहुधा कुणीतरी गेल्यानंतर. तेव्हा लोक नवरा-नवरीला बघत नाहीत, आजोबा शोधतात. वसईतल्या एका घरात मी अशी कॅसेट बघितली. विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणणाऱ्या बायकांची गाणी त्यात अख्खीच्या अख्खी होती. पुढे चर्चमध्ये नवरीचं वचन इतकं हळू, की फादर म्हणतात, "जरा मोठ्याने." ती परत म्हणते. मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटतं, "आता ऐकलं," आणि आजूबाजूचे हसतात. पुटपुटणारी बाई त्या घरातल्या सगळ्यांनी आवाजावरूनच ओळखली. ती कॅमेऱ्यात कुठेच नाही.

ज्यांचं लग्न ठरलंय त्यांनी बोलणी करताना एवढं लिहून घ्या: वचन, मंगलाष्टकं आणि सप्तपदी गाण्याविना, न कापता, वेगळ्या फाइलमध्ये हवी. याला जास्तीचे पैसे पडायचं कारण नाही, ते फुटेज त्यांच्याकडे असतंच. आणि ज्यांच्या घरी कॅसेटी आहेत त्यांनी पावसाळ्याआधी बघून घ्या, टेपला बुरशी लागते. डिजिटल करून देणारा दुकानदार बहुतेक विचारेल की मधला नुसता गोंगाटाचा भाग काढून टाकू का. त्याला नको म्हणा.