वादातील किनारा आणि एकटा प्रवासी

प्रवासवर्णनाचे परीक्षण करताना आपल्याकडे शैली, निसर्गचित्रण आणि विनोद या तीन गोष्टींचा विचार होतो. फार झाले तर लेखकाच्या बहुश्रुततेचा. आमच्या मते एक कसोटी यातून नेहमी निसटते. प्रवासी कोणाच्या बोलावण्यावरून गेला, कोणाच्या घरी उतरला आणि वाटेत त्याने कोणाचे शब्द कानावर घेतले, ही ती कसोटी होय. भूमी कोणाची, हाच जेथे तंटा आहे, तेथे तर ती सर्वांत आधी लावावयास हवी. मराठी वाचकास अशा भूमीचे जवळचे उदाहरण म्हणजे कारवारचा किनारा.

१८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेला. पुढे १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाने कारवारवरील महाराष्ट्राचा दावा मान्य केला नाही. महाराष्ट्राने तो अहवाल मानला नाही, आणि २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. या इतिहासाची उजळणी करणारी निवेदने, पत्रके व अग्रलेख मराठीत विपुल आहेत. ज्यात कारवारची वाळू पायांस लागते असे गद्य मात्र त्या मानाने फार थोडे. हे वैषम्य आम्हांस योगायोगाचे वाटत नाही.

१९५१ साली मराठी साहित्य संमेलन कारवार येथे भरले. अध्यक्ष होते अनंत काकबा प्रियोळकर. संमेलनास जाणे हाही प्रवासच, परंतु तो पाहुण्याचा प्रवास. स्टँडवर कोणी न्यावयास येतो, उतरण्याची सोय झालेली असते, आणि जे यजमान भेटतात ते आपल्याच मताचे भेटतात. शिष्टमंडळांचेही तसेच. त्यांच्या वृत्तान्तात गाव कधी उलट उत्तर देत नाही. आम्ही यात कोणाचा प्रामाणिकपणा संशयास्पद ठरवीत नाही. लेखकाची बैठकच अशी असते की, दुसरे काही ऐकू येणे कठीण.

या किनाऱ्याचे वाङ्मयीन भाग्य उजळले ते बंगालीत. रवींद्रनाथ ठाकूरांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे कारवारास जिल्हा न्यायाधीश होते. त्यांच्याकडे असताना, विशीच्या आरंभी, रवींद्रनाथांनी ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाटक लिहिले. ‘जीवनस्मृति’त कारवारवर लहानसे प्रकरण आहे. चांदण्या रात्री मंडळी होडीतून काळी नदीत वर जातात, शिवाजीच्या एका जुन्या गडापाशी उतरतात, एका शेतकऱ्याच्या स्वच्छ झाडलेल्या अंगणात बसून बरोबर आणलेले जेवण जेवतात, आणि परतताना नदीच्या मुखाशी उतरून वाळूतून पायी घरी येतात. एवढेच. प्रांत कोणाचा, हा विचार त्या लेखणीस शिवलेला नाही. १८८३ च्या सुमारास तो शिवण्याचे कारणही नव्हते. चांदणे मात्र अजून ताजे आहे. तरीही आमचे एक गाऱ्हाणे उरते. ज्याच्या अंगणात हे जेवण झाले, तो शेतकरी त्या पानांत एक शब्दही बोलत नाही. त्याने पाहुण्यांस कोणत्या भाषेत ‘या’ म्हटले, हे आज आपण कोणत्याही आयोगाच्या परिशिष्टापेक्षा अधिक उत्सुकतेने वाचले असते.

काका कालेलकरांच्या बालपणाचा काही काळ कारवारास गेला. समुद्राची ओढ त्यांच्या लेखनात आयुष्यभर राहिली. परंतु जन्माने मराठी असलेल्या या लेखकाने ‘स्मरणयात्रा’ लिहिली ती गुजरातीत. गांधीजींनी त्यांस ‘सवाई गुजराती’ म्हटले, त्याचा अभिमान गुजरातने बाळगावा. आम्हांस थोडी खंत वाटते, इतकेच.

मराठीस ही दृष्टी परकी आहे असे मात्र नव्हे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघाले. बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेच्या यज्ञाची वार्ता त्यांस लागली होती. गाठ पडली ती १८५७ च्या धामधुमीशी. ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध करणारे चिंतामणराव वैद्य हे आमच्या ग्वाल्हेर संस्थानचे सरन्यायाधीश होते, म्हणून आम्हां ग्वाल्हेरकरांचे या ग्रंथावर किंचित अधिक प्रेम. वैद्यांनी मूळ लेखनावर हात फिरविला. गोडसे भटजींचे मूळ शब्द पुढे १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी वाचकांपुढे आणले. भटजींस कोणत्याही पक्षाने पाठविले नव्हते. त्यांस स्वतःचे पोट, धर्म आणि भीती होती, मतेही होती. पण वाटेत झडती कोणी घेतली, लुटले कोणी, जेवू कोणी घातले, हे सर्व ते सांगतात. राज्य कोणाचे, हे ठरत नसलेल्या मुलखात त्यांचे कान उघडे होते.

येथे एक आक्षेप येईल. वादाच्या भूमीत तटस्थ फिरणे म्हणजे अन्यायाकडे पाठ फिरविणे नव्हे काय? गोव्याचा दाखलाही दिला जाईल. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या चालविल्या, त्यानंतर भारताने सीमा बंद केली, आणि डिसेंबर १९६१ पर्यंत साध्या वाटसरूची वाट जवळजवळ खुंटली. मोहन रानडे गोव्यात गेले ते शिक्षक म्हणून, आणि पुढे पोर्तुगालच्या तुरुंगात १९६९ पर्यंत राहिले. त्यांचे ‘सतीचे वाण’ प्रवासवर्णनाच्या कसोटीवर घासणे हा करंटेपणा ठरेल. ज्याने किंमत मोजली त्याचे लेखन ही साक्ष होय. आमचा आक्षेप किंमत न मोजता साक्षीचा आव आणणाऱ्या लेखनास आहे. दोन दिवसांत दुकानांच्या पाट्या मोजून परतणारा प्रवासी सत्याग्रहीही नव्हे आणि वाटसरूही नव्हे.

निकाल खिशात घालून निघालेल्यास हा किनारा फसवितोही चांगला. काळीच्या उत्तर तीरावरील सदाशिवगडाचे नाव ऐकून मराठी मन सहज पेशवाईकडे धावेल. पण हा गड सोंद्याच्या राजाने बांधला व त्यास आपल्या पित्याचे नाव दिले. समोरच्या समुद्रात अंजदीव बेट दिसते. ते कारवारला लागून, परंतु १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचे. आज कागदोपत्री गोव्याचे आणि प्रत्यक्षात नौदलाच्या ताब्यात, म्हणून प्रवाशास बंद. गावात घरी कोंकणी, कचेरीत कानडी आणि भजनात मराठी अभंग. कोंकणी ही मराठीची बोली, असे प्रियोळकरांचे मत होते. साहित्य अकादमीने १९७५ साली तिला स्वतंत्र साहित्यभाषा मानले. हा निवाडा भाषाशास्त्रज्ञांनी करावा. मासळीबाजारात विचारलेल्या भावाचे उत्तर ज्या शब्दांत मिळाले, त्या शब्दांत ते उतरवून घेणे हे प्रवाशाचे काम, आणि तेच कोणी करीत नाही.

आम्ही हे ग्वाल्हेरीहून लिहितो, यास अर्थ आहे. तांबे येथे मराठीत कविता करीत राहिले. १९६१ साली कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलनही येथे भरले. आणि या शहरावर कोणत्याही नकाशात महाराष्ट्राने हक्क सांगितलेला नाही. भाषा जगविण्यासाठी भूमीचा ताबा लागतोच, हे गृहीत आमच्या घरांत कधी शिरले नाही. कारवारच्या मराठी माणसास तसे वाटते की नाही, हे आम्ही येथून ठरवू शकत नाही. कानडी शाळेत मराठी मूल घालणाऱ्या बापाचे दुःख आमच्या दुःखाहून निराळे असू शकेल. आमच्या घरांत तो हिंदी शाळेचा प्रश्न होता, आणि त्यावर कोणी मोर्चा काढला नाही. ते निराळेपण कळावयास निवेदन पुरत नाही. मंगला एक्सप्रेस ग्वाल्हेरहून निघते ती कोंकणातून थेट कारवारपर्यंत जाते. गाडी बदलावी लागत नाही. स्थानक गावापासून दूर, शिरवाडला आहे. तेथून पुढे रिक्षावाल्याशी कोणत्या भाषेत बोलावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे, आणि तो कोणत्या भाषेत उत्तर देतो, हे लिहून ठेवावे.