देऊळ मोडून कुंपण



पारायणाच्या मांडवात आपण बसलेले असता. निम्मे पारायण सरते आणि तेरावा अध्याय लागतो. अकराशेहून अधिक ओव्यांचा हा अध्याय. म्हणून व्यासपीठचालक थोडी गती वाढवतात. पाने उलटत जातात. या घाईतच ‘अहिंसा’ या एका शब्दावरच्या शंभराहून अधिक ओव्या आपल्या ओठांवरून निघून जातात. गीतेच्या त्या श्लोकात हा नुसता एक शब्द आहे. माउली मात्र तिथे रेंगाळले आहेत. आपण आज त्यांच्यासोबत थोडे थांबूया. कारण या ओव्या आपण पाठ केल्या, पण वाचल्या का, अशी मला शंका आहे.

माउली आधी अहिंसा कशाला म्हणू नये ते सांगतात. पाऊस पडावा म्हणून यज्ञात पशू मारायचे, औषधासाठी झाडे मुळासकट उपटायची आणि त्याला धर्म म्हणायचे, हे त्यांना पटत नाही. तिथे ते फार बोचरा दृष्टान्त देतात. झाडाच्या फांद्या तोडायच्या आणि त्याच झाडाला त्यांचे कुंपण करायचे. देऊळ मोडायचे आणि त्या दगडांनी देवासाठी आवार बांधायचे. जे राखायचे, त्याचाच नाश करून राखण करायची.

मग ते अहिंसा कशी ओळखावी ते सांगतात. ती आधी मनात असते, म्हणून पुढे पायांत, डोळ्यांत, वाणीत आणि हातांत उतरते. जमिनीत बीच नसेल तर अंकुर कुठून येणार? अशा पुरुषाचा हात खेळताना कमळ फेकायलाही धजत नाही, मग शस्त्र कुठले धरणार! पण माउली तेवढ्यावर थांबत नाहीत. तो हात उठतो, असेही ते सांगतात. तो जोडण्यासाठी उठतो, ‘भिऊ नकोस’ म्हणण्यासाठी उठतो, पडलेल्याला उचलण्यासाठी आणि पीडिताला हळुवार स्पर्श करण्यासाठी उठतो.

माउली, इथेच आपले वाचन कमी पडले, असे मला नम्रपणे म्हणायचे आहे. कीर्तनात अहिंसेचे निरूपण येते, तेव्हा आपण मांसाहार सोडा, माळ घाला, मुंगीला जपा, एवढे सांगतो. ते खरेच आहे आणि सोपेही नाही. पण ती अहिंसेची अर्धी बाजू झाली. काय करू नये ते आपण घेतले. काय करावे ते पोथीतच राहिले. हात आवरला, पण उचलला नाही.

दुसऱ्याला दोष देण्याआधी माझे सांगतो. काही वर्षांपूर्वी वारीच्या वाटेवर एका मुक्कामी पंगत बसली होती. आडनाव विचारून एका कुटुंबाला हळूच टोकाला बसवले गेले. कुणी वाईट बोलले नाही. वाढपी आला आणि अंतर राखून, वरूनच वाढून गेला. मी चार पाने सोडून जेवत होतो. गळ्यात माळ, पानात शुद्ध अन्न, आणि मी गप्प. त्या दिवशी मी कुणाला मारले नाही. पण माउलींच्या मापाने मी अहिंसक होतो का?

पोथीतला हा उचललेला हात गेल्या शतकात चळवळींनी उचलून दाखवला. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. त्याच महिन्यात गांधीजी साबरमतीहून दांडीला पायी निघाले. नाशिकचा लढा केवळ दर्शनासाठी नव्हता. माणूस म्हणून बरोबरीच्या हक्कासाठी होता. रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगड पडले. लढा सुमारे पाच वर्षे चालला आणि दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केले की, आपण हिंदू म्हणून मरणार नाही. दारात शांतपणे उभ्या असलेल्या माणसाचे ऐकले नाही की तो एक दिवस निघून जातो. त्याच्या जाण्याचा दोष दाराच्या आत उभ्या असलेल्यांकडे येतो. देवाचे पावित्र्य राखायला आपण कुंपण घातले, ते देवळाच्याच दगडांचे होते.

आपल्या पंढरीतही चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी, बाहेरच आहे. आपण तिच्यापुढे माथा टेकून आत जात होतो आणि चोखोबांच्या लेकरांना बाहेर ठेवत होतो. १९४७ साली साने गुरुजींनी हे आपल्या तोंडावर मांडले. त्यांनी एकदम उपोषण केले नाही. आधी काही महिने ते महाराष्ट्रभर फिरले, लोकांना विनवले. मग १ मे रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, ते उपोषणाला बसले. गावात विरोध होता. खुद्द गांधीजींनीही आधी उपोषण थांबवायला कळवले होते. सुमारे दहा दिवसांनी, दादासाहेब मावळंकरांच्या मध्यस्थीनंतर, मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले आणि उपोषण सुटले.

आपण विचाराल, प्राण पणाला लावून दुसऱ्याला नमवणे ही अहिंसा कशी? हा आक्षेप मला हलका वाटत नाही. १९३२ साली येरवड्यात गांधीजी उपोषणाला बसले, तेव्हा त्याचा सगळा दाब बाबासाहेबांवर, म्हणजे आधीच दबलेल्यांच्या प्रतिनिधीवर आला. साधन तेच होते, पण भार कुणावर पडला ते पाहावे लागते. पंढरपुरात सवर्ण घरात जन्मलेला एक माणूस आपल्याच लोकांच्या दारात बसला. भार दार अडवणाऱ्यांवर पडला आणि झीज त्याने स्वतःच्या देहाची केली. उपवास तर आपण एकादशीला करतोच. गुरुजींनी तोच उपवास दुसऱ्यासाठी केला. म्हणून त्या उपोषणाला मी माउलींच्या ओव्यांवरचे निरूपण म्हणतो. ते उशिरा आले, हेही म्हटले पाहिजे. नाशिकचे सत्याग्रही तोवर पाठ फिरवून गेले होते.

ही वाट पुढे दूरवर गेली. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात बसमध्ये कृष्णवर्णीयांना वेगळे बसवत. डिसेंबर १९५५ पासून त्यांनी बसवर बहिष्कार घातला. ३८१ दिवस कितीतरी माणसे कामाला पायी गेली, आली. त्यांचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग गांधीजींचे ऋण उघड मानत. पायी चालण्यात काय बळ असते, हे वारकऱ्याला वेगळे सांगायला नको. पुढे १९५८ साली विनोबा पंढरपुरात आले, तेव्हा सोबतच्या अन्यधर्मीयांनाही विठ्ठलाचे दर्शन झाले. अकरा वर्षांपूर्वी जिथे प्राण पणाला लावावा लागला, तिथेच हे घडले. अहिंसेचा परिणाम असा मागाहून, मुरत मुरत येतो.

पण माउली, कायद्याने दार उघडते, पंगत उघडत नाही. ती आपणच उघडायची असते. पुढच्या वारीत पाहा, आपल्या दिंडीत वीणा कुणाच्या गळ्यात असते, स्वयंपाकाला कुणाचे हात लागतात, तंबूत कुणाचे अंथरूण कडेला असते. तिथे आपला हात कुठे असतो? त्या पंगतीत मला फार काही करायचे नव्हते. माझे पान उचलून त्या कुटुंबाशेजारी बसायचे होते. तेवढेही झाले नाही. अशी वेळ पुन्हा आलीच, तर तेवढे बळ विठ्ठलाने द्यावे.

आणि पारायणात तेरावा अध्याय लागेल, तेव्हा त्या ओव्यांपाशी गती थोडी कमी करा. माउली तिथे हात पुढे करून उभे आहेत.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!